केंडल मार्शल, लॅरी ड्रू आणि नॉर्थ कॅरोलायनाचे दोन सीझन: एका पॉइंट गार्डच्या निर्णयाचं पूर्ण प्रकरण

१६ जानेवारी २०११ ला अटलांटात जॉर्जिया टेकनं नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीला ७८-५८ असं हरवलं. वीस पॉइंट्सनी, आणि जॉर्जिया टेक त्या वर्षी काही फार भारी टीम नव्हती. दोनच दिवसांनी क्लेमसनविरुद्ध घरच्या मैदानावर मॅच होती आणि त्या मॅचला कोच रॉय विल्यम्सनं स्टार्टिंग लाइनअपमध्ये बदल केला, ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाच्या) लॅरी ड्रूला बेंचवर बसवलं आणि फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) केंडल मार्शलला पॉइंट गार्ड म्हणून सुरुवात दिली. टीम ७५-६५ नं जिंकली. त्या दिवशी कोणाला वाटलं नसेल की कॉलेज बास्केटबॉलमधे पॉइंट गार्डची निवड टीमला किती वर नेते आणि तो नसला की किती खाली आणते, हे दोन्ही दाखवणारं जवळपास प्रयोगशाळेतलं उदाहरण इथून सुरू होतंय, कारण पुढच्या चौदा महिन्यांत हीच टीम, बरेचसे तेच खेळाडू, तोच कोच, आणि पॉइंट गार्ड तेवढा बदलत गेला.

ज्यांनी अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल फारसं बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल वर आणणारा, कोणाला कधी कुठे बॉल द्यायचा ते ठरवणारा. व्हॉलीबॉलमधला सेटर डोळ्यासमोर आणा, स्मॅश मारणाऱ्याचं नाव होतं पण सेट एक वीत मागे पडला तर तोच स्मॅशर नेटमधे मारतो. इथेही तसंच. आणि कॉलेज लेव्हलला हे प्रोपेक्षा जास्त जाणवतं, कारण बाकीची पोरं अठरा-वीस वर्षांची असतात, स्वतःचा शॉट स्वतः तयार करू शकणारे फार थोडे असतात, बहुतेकांना बॉल योग्य जागी मिळाला तरच ते चांगले दिसतात.

आता थोडं मागे जाऊ, नाहीतर ड्रूवर अन्याय होईल. २००९ ला नॉर्थ कॅरोलायनानं एनसीएए, म्हणजे अख्ख्या देशाची कॉलेज चॅम्पियनशिप जिंकली होती, फायनलमधे मिशिगन स्टेटला ८९-७२ नं हरवून. त्या टीमचा पॉइंट गार्ड होता टाय लॉसन. लॉसन म्हणजे वीज होता, बास्केट झाल्यावर समोरची टीम आनंद साजरा करेपर्यंत हा पलीकडच्या टोकाला पोचलेला असायचा, त्या वर्षी एसीसीचा (नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक वगैरे ज्या लीगमधे खेळतात ती) प्लेयर ऑफ द इयर तोच, आणि फायनलमधे त्यानं आठ स्टील केले (समोरच्याकडून बॉल हिसकावणं), जो फायनलचा रेकॉर्ड आहे. पायाच्या अंगठ्याला लागलं म्हणून तो एसीसी टूर्नामेंट आणि एनसीएएची पहिली मॅच खेळला नव्हता तेव्हा अख्खं राज्य त्या एका अंगठ्याची चौकशी करत होतं. त्याचा बॅकअप होता फ्रेशमन ड्रू. मग लॉसन, टायलर हॅन्सब्रो, वेन एलिंग्टन, डॅनी ग्रीन सगळे एकदम गेले आणि २००९-१० मधे ड्रूच्या हातात टीम आली. रेकॉर्ड २०-१७ (वीस जिंकल्या, सतरा हरल्या), एसीसीमधे ५-११, एनसीएए टूर्नामेंटमधे जागाच नाही, गतविजेते असून. एनआयटी या दुय्यम टूर्नामेंटच्या फायनलपर्यंत गेले आणि तिथेही डेटनकडून हरले.

या सीझनचं खापर लोकांनी ड्रूवर फोडलं आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. एड डेव्हिसचं मनगट मोडलं, टायलर झेलरच्या पायाला दुखापत झाली, चांगले शूटर उरलेच नव्हते. ड्रूची सरासरी जवळपास सहा असिस्टची (ज्या पासवर लगेच बास्केट होतो ते पास) होती, वाईट अजिबात नाही. पण त्याच्या खेळात एक गोष्ट होती जी रॉय विल्यम्सच्या सिस्टिमला झेपत नव्हती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

विल्यम्सची सिस्टिम म्हणजे पळणं. नॉर्थ कॅरोलायनाचे जुने कोच डीन स्मिथ यांच्याकडून आलेला सेकंडरी ब्रेक त्यानं अजून वेगवान केला. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला की लगेच आउटलेट पास पॉइंट गार्डकडे, दोन विंग दोन्ही साइडलाइननं कोपऱ्याकडे पळणार, एक बिग मॅन (उंच खेळाडू) थेट रिमकडे, म्हणजे रिंगकडे पळणार, दुसरा मागून येणार. समोरच्या डिफेन्सची घडी बसायच्या आत शॉट. आणि रिमकडे पळणाऱ्या बिग मॅनला तिसऱ्या सेकंदाला बॉल मिळाला तर लेअप, पाचव्या सेकंदाला मिळाला तर मागे डिफेंडर आलेला असतो. ह्या दोन सेकंदांवर सगळं उभं आहे. लॉसन ते दोन सेकंद पायांनी वाचवायचा. ड्रू लॉसनएवढा फास्ट नव्हता आणि त्याची सवय अशी की बॉल घेऊन ड्रिबल करत वर यायचं, हाफ लाइन ओलांडायची, बघायचं आणि मग पास. दुसऱ्या एखाद्या टीममधे हे चांगलं, संयमी पॉइंट गार्डचं लक्षण मानलं गेलं असतं. इथे मात्र सात फुटी झेलर जीव तोडून पळून पोचायचा, हात वर करायचा आणि बॉल यायचाच नाही. चार-पाच वेळा असं झालं की बिग मॅन पळायचं कमी करतो, माणूसच आहे तो. आणि बिग मॅननं पळणं सोडलं की ह्या सिस्टिममधे मग काही उरत नाही.

२०१०-११ ला दोन फ्रेशमन आले ज्यांच्यामुळे सगळं चित्र पालटलं. एक हॅरिसन बार्न्स, ज्याला एकही कॉलेज मॅच खेळायच्या आधी असोसिएटेड प्रेसच्या प्रीसीझन ऑल अमेरिका टीममधे (देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) घेतलं होतं, असं आधी कधीच कुठल्या फ्रेशमनच्या बाबतीत झालं नव्हतं. आणि दुसरा व्हर्जिनियातून आलेला मार्शल, सहा फूट चार इंच, डावखुरा. मार्शलकडे बघून पहिल्या नजरेत कोणी म्हणणार नाही की हा भारी आहे. पळण्यात हळू, उडी साधारण, बाहेरून शॉट कामचलाऊ, आणि डिफेन्समधे एखादा चपळ गार्ड त्याला सहज मागे टाकायचा. कागदावर मांडलं तर ड्रू जास्त अनुभवी, जास्त चपळ, डिफेन्सला सरस. आणि म्हणूनच सुरुवातीला ड्रू स्टार्ट करत होता आणि मार्शल बेंचवरून यायचा, मिनिटं साधारण वाटून.

त्या पहिल्या १७ मॅचेसमधे टीमचा रेकॉर्ड १२-५. हरलेल्या मॅचेस बघा, मिनेसोटा, व्हँडरबिल्ट, इलिनॉय, टेक्सस आणि मग ती जॉर्जिया टेक. बार्न्स, ज्याच्याकडून आकाशाएवढ्या अपेक्षा, तो शॉट मिस करत होता आणि पेपरात लिहून येत होतं की फुगा फुटला.

मग बदल झाला. आणि बदलानंतर २० मॅचेसमधे १७-३. एसीसीमधे आधी २-१, नंतर १२-१. कोणी नवीन खेळाडू आला नाही, कोणी दुखापतीतून परतला नाही, वेगळा डिफेन्स आणला नाही. (हां, सगळं श्रेय मार्शलचं असं मी म्हणत नाहीये, फ्रेशमन पोरं जानेवारीनंतर तशीही सुधारतात, बार्न्सही सुधारलाच असता थोडाफार. पण इतकं?)

मार्शल करत काय होता ते सांगतो, कारण लोक नुसतं व्हिजन व्हिजन म्हणतात आणि पुढे जातात. तो हळू होता म्हणून त्यानं बॉलला पळवलं. आउटलेट पास हातात यायच्या आधीच त्यानं मान वळवून पुढे बघितलेलं असायचं, आणि बॉल हातात आला की एक ड्रिबल किंवा तेही नाही, सरळ तीस-चाळीस फुटांचा पास पुढे पळणाऱ्या विंगला नाहीतर झेलरला. लॉसन जे दोन सेकंद पायांनी वाचवायचा ते हा हातांनी वाचवायचा. आणि दुसरं म्हणजे पास कुठे पडतो. बार्न्सला ड्रिबल करून डिफेंडरला चकवणं जमायचं नाही, पण पाय सेट असताना बॉल छातीसमोर आला तर तो अमेरिकेतल्या सगळ्यात सुंदर शूटर्सपैकी एक होता. मार्शल त्याला तिथेच बॉल द्यायचा, स्क्रीनमधून (सहकाऱ्याच्या आडोशातून) बाहेर पडताना, वळायच्या आधी. जॉन हेन्सनला बॉल वरून लागायचा, लांब हातांचा खेळाडू, त्याला खाली बाउन्स पास दिला की तो गडबडायचा, मार्शल खाली द्यायचाच नाही. झेलरला पोस्टमधे (बास्केटजवळ) डिफेंडर ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध खांद्यावर. अशा बारीक गोष्टी. बॉक्स स्कोअरमधे त्या फक्त एक असिस्ट म्हणून येतात, किंवा येतच नाहीत.

एक फेब्रुवारीला बॉस्टन कॉलेजला १०६-७४ नं धुतलं आणि त्या मॅचमधे ड्रूनं बेंचवरून येऊन नऊ असिस्ट केले. म्हणजे लक्षात घ्या, तो रुसून बसला होता असं नाही, बेंचवरूनही चांगलं खेळत होता. पण तीनच दिवसांनी, चार फेब्रुवारीला, तो टीम सोडून गेला. सीझनच्या मधोमध. विल्यम्सला ते ड्रूच्या वडिलांच्या फोनवरून कळलं (वडील, सीनिअर लॅरी ड्रू, तेव्हा अटलांटा हॉक्सचे कोच होते). चाहत्यांनी पोराला खूप वाईटसाईट बोललं. मला त्याचा राग आला नव्हता, वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला तुझी जागा एका फ्रेशमननं घेतली हे रोज टीव्हीवर ऐकावं लागतं तेव्हा काय होत असेल कोण जाणे, पण टीमच्या दृष्टीनं टायमिंग फार वाईट होतं. आता खरा पॉइंट गार्ड एकच उरला.

त्यानंतरची पहिलीच मॅच, सहा फेब्रुवारी, फ्लोरिडा स्टेट. मार्शलचे १६ असिस्ट. नॉर्थ कॅरोलायनाच्या इतिहासात एका मॅचमधला सगळ्यात मोठा आकडा रेमंड फेल्टनचा, १८. फ्लोरिडा स्टेट तेव्हा देशातल्या सगळ्यात कडक डिफेन्सपैकी एक होती आणि तिच्यावर ८९ पॉइंट्स झाले.

तीन दिवसांनी ड्यूक. इथे नाण्याची दुसरी बाजू दिसली. हाफटाइमला नॉर्थ कॅरोलायना १४ नं पुढे होती आणि हरली ७९-७३. ड्यूकच्या नोलन स्मिथचे ३४, सेथ करीचे २२. दोन गार्ड्सचे मिळून ५६. मार्शलच्या पायांची मर्यादा काय आहे हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. विल्यम्सनं मग यावर जो उपाय शोधला तो मला या प्रकरणातला सगळ्यात हुशार भाग वाटतो. डेक्स्टर स्ट्रिकलँड नावाचा चपळ गार्ड होता, शॉट फारसा नव्हता पण डिफेन्स जबरदस्त, तो समोरच्या पॉइंट गार्डला पकडणार आणि मार्शल त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या माणसाला. म्हणजे मार्शलला पॉइंट गार्ड केल्याची किंमत स्ट्रिकलँड चुकवत होता. पॉइंट गार्ड निवडणं म्हणजे एक खेळाडू निवडणं नसतंच, त्याच्या शेजारी कोण उभा राहणार हेही त्याच निर्णयात येतं, आणि हे नाव लक्षात ठेवा कारण पुढे त्याच्यामुळेच सगळं फिरतं.

पाच मार्चला ड्यूकचीच टीम चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलायनाच्या घरी आली, जो जिंकेल तो एसीसी रेग्युलर सीझनचा चॅम्पियन. ८१-६७, मार्शलचे १५ पॉइंट्स आणि ११ असिस्ट. एसीसी टूर्नामेंटमधे मायामीविरुद्ध १९ पॉइंट्सनी मागे पडून शेवटच्या क्षणाला मार्शलच्या पासवर झेलरनं ६१-५९ केलं, दुसऱ्या दिवशी बार्न्सनं क्लेमसनला ४० पॉइंट्स मारले, तोच बार्न्स ज्याचा डिसेंबरमधे फुगा फुटला होता. फायनल ड्यूककडून हरले, आणि एनसीएएमधे लाँग आयलंड, वॉशिंग्टन, मार्क्वेट यांना हरवून एलिट एटला (शेवटच्या आठ टीममधे) केंटकीकडून ७६-६९ नं बाहेर. २९-८. आधीच्या वर्षी टूर्नामेंटमधे जागा न मिळालेल्या टीमचं हे.

२०११-१२ ला बार्न्स, हेन्सन, झेलर तिघंही प्रोमधे न जाता परत आले. पहिल्या दिवसापासून टीम टायटलची दावेदार. मार्शलनं त्या सीझनला ३५१ असिस्ट केले, एसीसीचा रेकॉर्ड. आधीचा रेकॉर्ड जॉर्जिया टेकच्या क्रेग नीलचा होता, १९८८ चा, ३०३. म्हणजे नुसता मोडला नाही, पार मागे टाकला. मॅचला जवळपास दहा असिस्ट आणि दर साडेतीन असिस्टला साधारण एक टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमला गमावणं), देशातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डला मिळणारं बॉब कूझी अवॉर्ड त्याला मिळालं, आणि स्वतःचे पॉइंट्स किती तर सरासरी आठच्या आसपास. चौघं त्या वर्षी एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला गेले, बार्न्स सातवा, मार्शल तेरावा, हेन्सन चौदावा, झेलर सतरावा.

सगळं छान होतं असंही नाही. जानेवारीत फ्लोरिडा स्टेटनं ९०-५७ नं मारलं, तेहतीस पॉइंट्सनी, मार्शल पूर्ण फिट असताना. पॉइंट गार्ड कितीही भारी असला तरी पळायची आणि भिडायची इच्छा बाकीच्यांकडे त्या दिवशी नसेल तर तो काही करू शकत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पॉइंट गार्ड म्हणजे सगळं असं म्हणणारे लोक ही मॅच विसरतात.

पण खरं संकट पाच दिवसांनी आलं, १९ जानेवारी २०१२ ला, व्हर्जिनिया टेकच्या मैदानावर. मॅच जिंकली पण स्ट्रिकलँडच्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलं, सीझन संपला. सगळी चर्चा डिफेन्सवर झाली, आता समोरच्या पॉइंट गार्डला कोण पकडणार वगैरे. त्याची सोय झाली, रेजी बुलक स्टार्टर झाला, लांब हातांचा, मेहनती, डिफेन्स चांगला केला त्यानं आणि शॉटही होता. ज्याची सोय झाली नाही ती दुसरी गोष्ट. स्ट्रिकलँड हाच मार्शलचा बॅकअप पॉइंट गार्डसुद्धा होता. ड्रू गेला फेब्रुवारी २०११ ला, लेस्ली मॅकडॉनल्ड हा अजून एक गार्ड २०११ च्या उन्हाळ्यातच एसीएलनं गेलेला, आता स्ट्रिकलँड. उरला कोण, तर स्टिलमन व्हाइट, राज्यातल्याच विल्मिंग्टनचा फ्रेशमन, ज्याला अगदी शेवटच्या टप्प्यात अडीअडचणीला म्हणून घेतलं होतं आणि जो त्या वर्षानंतर चर्चच्या दोन वर्षांच्या मिशनवर जाणार हे आधीच ठरलेलं होतं. मॅच निकालात निघाली की शेवटची तीन-चार मिनिटं तो खेळायचा.

मला इथे विल्यम्सच्या जागी दुसरा कोणी असता तर काय केलं असतं हे कळत नाही. जानेवारीअखेर नवीन पॉइंट गार्ड कुठून आणणार, तेव्हा आजच्यासारखं ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) नव्हतं. पण जिंकून ठेवलेल्या मॅचेसमधे, समजा १८ नं पुढे असताना दहा-दहा मिनिटं व्हाइटला खऱ्या स्टार्टर्सबरोबर खेळवता आलं असतं. बार्न्स आणि बुलकला बॉल वर आणायची सवय लावता आली असती. त्याऐवजी मार्शलची मिनिटं वाढत गेली. मॅच जिंकायचीच असते, रँकिंग असतं, नंबर वन सीड (टूर्नामेंटमधलं पहिलं मानांकन) मिळवायचं असतं, हे सगळं कळतं मला. तरीही.

१८ मार्च २०१२, ग्रीन्सबरो, एनसीएएचा दुसरा सामना, क्राइटन. नॉर्थ कॅरोलायना आरामात पुढे. मार्शल फास्ट ब्रेकवर बास्केटकडे गेला, फाउल झाला, जमिनीवर आदळला, उजवं मनगट. उठला, खेळत राहिला काही वेळ. १८ पॉइंट्स, ११ असिस्ट, मॅच ८७-७३ नं जिंकली. आणि मॅचनंतर बातमी आली की मनगटातलं स्कॅफॉइड हाड मोडलंय. तो डावखुरा, मोडलं उजवं, म्हणून लोक आठवडाभर आशा लावून बसले होते की पट्टी बांधून खेळेल. ऑपरेशन झालं, स्क्रू बसवला, पुढचे दोन सामने सेंट लुइसला होते, तिथे तो सूटमधे बेंचवर बसला.

आता हे दोन सामने नीट बघण्यासारखे आहेत, माझ्या मते या विषयावर यांच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. पहिला ओहायो युनिव्हर्सिटीशी, तेरावं सीड, कोणाच्या खिजगणतीत नसलेली टीम. स्टिलमन व्हाइट स्टार्टर. पोरानं काय केलं, सहा असिस्ट आणि शून्य टर्नओव्हर. शून्य. आणि तरीही टीमचे एकूण टर्नओव्हर चोवीस! आधी वाचून मला वाटलं आकडा चुकलाय. पण मॅच बघितली की कळतं. व्हाइटनं चूक होऊ नये म्हणून जे सुरक्षित तेच केलं, बॉल हाफ लाइनपर्यंत आणला आणि जवळच्याला दिला. पुढचा अवघड पास, जो मार्शल द्यायचा, तो आता बार्न्सला द्यावा लागत होता, हेन्सनला, झेलरला. ज्यांनी आयुष्यभर शेवटचं काम केलं त्यांना आता आधीचं काम करावं लागलं. चुका व्हाइटच्या नावावर गेल्या नाहीत, बाकीच्यांच्या नावावर गेल्या. बार्न्स १६ पैकी ३ शॉट. झेलरनं २० पॉइंट्स आणि २२ रिबाउंड घेऊन टीमला अक्षरशः खांद्यावर उचललं, ओहायोच्या वॉल्टर ऑफटनं शेवटच्या मिनिटाला जिंकून देऊ शकणारा फ्री थ्रो मिस केला, ओव्हरटाइम झाला आणि ७३-६५ असे निसटले.

दुसरा सामना २५ मार्च, एलिट एट, कॅन्सस. विल्यम्स स्वतः पंधरा वर्षं कॅन्ससचा कोच होता, त्यामुळे त्याच्यासाठी ती मॅच वेगळीच. पहिला हाफ ४७-४७. नॉर्थ कॅरोलायना मस्त खेळत होती, आणि बघताना वाटत होतं की निभावेल बहुतेक. मग दुसऱ्या हाफमधे वीस पॉइंट्स. अख्ख्या वीस मिनिटांत वीस. शेवटची जवळपास चार मिनिटं एकही पॉइंट नाही, कॅन्ससनं शेवट १२-० असा केला आणि मॅच ८०-६७. कॅन्ससच्या सीनिअर (चौथ्या वर्षाच्या) गार्डनं, टायशॉन टेलरनं, २२ पॉइंट्स काढले. व्हाइटचे सात असिस्ट आणि परत शून्य टर्नओव्हर. म्हणजे दोन मॅचमधे १३ असिस्ट, एकही टर्नओव्हर नाही. कुठल्याही फ्रेशमनला याहून जास्त काय मागणार, त्या पोराबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बार्न्सचे शॉट दोन मॅचेस मिळून ३० पैकी ८.

हा ३० पैकी ८ आणि व्हाइटचे १३ विरुद्ध शून्य, हे दोन आकडे शेजारी ठेवा. असिस्ट-टर्नओव्हरच्या गुणोत्तरावर पॉइंट गार्ड मोजायची पद्धत आहे आणि त्या हिशोबानं व्हाइट मार्शलपेक्षा भारी ठरतो, जे उघडच खरं नाही. पॉइंट गार्ड मोजायचा तर त्याच्या आकड्यांत नाही, बाकी चौघांच्या आकड्यांत मोजावा लागतो. बार्न्स मार्शलबरोबर असताना किती टक्के मारतो आणि नसताना किती, झेलरला बॉल रिमपासून किती फुटांवर मिळतो, टीमचे टर्नओव्हर कोणाच्या हातून होतायत. आणि दुसऱ्या हाफमधेच का कोसळले याचंही उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं. पहिल्या हाफमधे पाय ताजे असतात, डिफेन्सही सैल असतो, सिस्टिम सवयीनं चालते. शेवटच्या दहा मिनिटांत डिफेन्स आवळतो, पहिला पर्याय बंद, दुसरा बंद, तेव्हा तिसरा पर्याय बघू शकणारा माणूस लागतो आणि तो सूट घालून बसलेला होता.

आता ड्रूचं काय झालं ते, कारण त्याच्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहतं आणि बरेच लोक ते सांगतच नाहीत. ड्रू लॉस अँजेलिसला यूसीएलएमधे गेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक वर्ष बसला आणि २०१२-१३ ला सीनिअर म्हणून खेळला. त्या सीझनला त्यानं २५६ असिस्ट केले, यूसीएलएचा तेव्हाचा एका सीझनचा रेकॉर्ड, पू रिचर्डसनचा २३६ चा जुना रेकॉर्ड मोडून. यूसीएलए, जिथे जॉन वुडनच्या दहा चॅम्पियनशिप टांगलेल्या आहेत, तिथला रेकॉर्ड. वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदाला शॉट मारून ५९-५७ नं मॅच जिंकवली, टीमनं पॅक-ट्वेल्व्हचा (एसीसीसारखीच पश्चिमेकडची लीग) रेग्युलर सीझन जिंकला. चॅपल हिलच्या शेवटच्या सीझनला ज्याची असिस्टची सरासरी चारच्याही आत आली होती तो हा मुलगा. तिथे शबाझ मुहम्मद, जॉर्डन अॅडम्स असे स्कोअर करणारे फ्रेशमन होते, एकदम समोर पळून वाट बघणारे सात फुटी नव्हते, ड्रिबल करत वर येऊन, बघून, नीट पास देणारा माणूस तिथे हवाच होता. ड्रू काही बदलला नव्हता फारसा, थोडा मोठा झाला होता एवढंच. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की मार्शल चांगला होता आणि ड्रू वाईट होता म्हणून विल्यम्सनं बदल केला, तेव्हा मला वाद घालावासा वाटतो. विल्यम्ससाठी, बार्न्ससाठी, झेलरसाठी मार्शल योग्य होता. दोघांची अदलाबदल केली असती आणि मार्शलला त्या यूसीएलएत टाकलं असतं तर त्याचे हळू पाय आणि नसलेला शॉट जास्त उठून दिसले असते, हे माझं मत.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली-केरीकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमधे, ज्यांच्या मुलांपैकी अर्धी टार हील्सची (म्हणजे याच नॉर्थ कॅरोलायना टीमची) आणि अर्धी ड्यूकची असतात, एक प्रश्न अजूनही वादाला पुरतो. मार्शल फिट असता तर २०१२ चं टायटल मिळालं असतं का? माझं उत्तर असं. कॅन्ससला हरवलं असतं, याबद्दल मला फारशी शंका नाही, व्हाइटबरोबर पस्तीस-छत्तीस मिनिटं बरोबरीत होते. पुढे सेमीफायनलला ओहायो स्टेट, ज्यांना कॅन्ससनं ६४-६२ असं जेमतेम हरवलं, तीही जिंकण्यासारखी. फायनलला अँथनी डेव्हिसची केंटकी, आणि तिथे मी पैज लावणार नाही. डिसेंबरमधे लेक्सिंग्टनला, केंटकीच्या घरी, हेन्सनचा शेवटचा शॉट डेव्हिसनं ब्लॉक केला आणि ७३-७२ अशी एका पॉइंटनं मॅच गेली होती. म्हणजे बरोबरीचे होते. पण केंटकी मार्चपर्यंत अजून सुधारली होती, आणि नॉर्थ कॅरोलायनाकडे स्ट्रिकलँड नव्हता.

म्हणूनच मला मार्शलच्या मनगटापेक्षा स्ट्रिकलँडचा गुडघा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो असता तर सेंट लुइसला बॉल त्यानं वर आणला असता, मार्शलसारखा नाही, पण वेगानं, डिफेंडरला मागे टाकून, आणि व्हाइट दहा मिनिटं विश्रांती द्यायला आला असता. टेलरला पकडायलाही तोच होता. पहिला पॉइंट गार्ड ठरवण्यावर विल्यम्सनं जानेवारी २०११ मधे हिंमत दाखवली आणि त्याचं फळ मिळालं. दुसरा पॉइंट गार्ड कोण हे ठरवायची वेळ फेब्रुवारी २०११ मधे, ड्रू गेला त्या दिवशीच आली होती.

मार्शल ड्राफ्टला गेल्यावर पुढच्या वर्षी मार्कस पेज नावाचा फ्रेशमन थेट स्टार्टर झाला, आणि या वेळी गुडघा बरा होऊन परतलेला स्ट्रिकलँड त्याच्या शेजारी होता. पहिले तीन महिने पेज अडखळला, शॉट पडत नव्हते, आणि फेब्रुवारीत ड्यूकविरुद्धच्या मॅचपासून विल्यम्सनं एक बिग मॅन काढून पी. जे. हेअरस्टनला आत घेतलं, चार छोटे खेळाडू आणि एक बिग, जे विल्यम्स कधीच करत नसे. मैदान मोकळं झालं, पेजला पास द्यायला जागा मिळाली आणि टीम सावरली. २५-११, आणि एनसीएएच्या दुसऱ्या सामन्यात परत कॅन्ससनंच बाहेर काढलं, ७०-५८. स्टिलमन व्हाइट तेव्हा मिशनवर होता, नंतर परत आला, आणि २०१७ ला नॉर्थ कॅरोलायनानं गोन्झागाला ७१-६५ नं हरवून टायटल जिंकलं त्या टीममधे सीनिअर म्हणून होता.